रामराजे कोणाचे? ताराबाईंच्या तीन साक्षी

कडोदरा चार रस्त्यावरून बारडोलीच्या दिशेने निघालो की पुढे व्यारा आणि त्यापुढे सोनगड लागते. गावाकडे, म्हणजे नवापूर, धुळे, जळगावकडे जाताना आपल्यापैकी बहुतेकांनी सोनगडचा किल्ला गाडीच्या खिडकीतून पाहिला असेल. चहासाठी गाडी थांबली की कोणीतरी म्हणतो, "हा गायकवाडांचा किल्ला बरं का." मुले मान डोलावतात, चहा संपतो आणि गाडी पुढे निघते.

१७५१ साली याच भागातून दमाजी गायकवाड मोठी फौज घेऊन साताऱ्याकडे निघाले होते. त्यांना बोलावणे होते ते पंचाहत्तरीच्या एका म्हातारीचे. त्या म्हातारीने आपल्याच नातवाला किल्ल्यावर कैद केले होते आणि वर "हा माझा नातूच नव्हे" असे जाहीर केले होते. म्हातारी म्हणजे छत्रपती राजाराम महाराजांच्या राणी, हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, महाराणी ताराबाई. नातू म्हणजे साताऱ्याच्या गादीवर बसलेले छत्रपती रामराजे.

रामराजे खरोखर कोणाचे, हा मराठ्यांच्या इतिहासातला जुना प्रश्न आहे. घराण्याचा मूळ पुरुषच संशयात सापडला की पुढच्या पिढ्यांनी काय करायचे, हे या प्रकरणात पाहायला मिळते. शिवाय त्या भांडणाचा परिणाम आपण आज राहतो त्या पलसाणा तालुक्यापर्यंत येऊन पोहोचलेला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

लपवलेले मूल

३ मार्च १७०० रोजी राजाराम महाराज सिंहगडावर वारले. ताराबाईंनी आपला लहानगा मुलगा शिवाजी याला गादीवर बसवले आणि पुढची सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. त्यांचे हे कर्तृत्व शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेले आहे. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीचा वाद उभा राहिला. शाहू साताऱ्याला स्थिरावले. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरकडे वेगळी गादी मांडली.

पुढचे सहसा शाळेत शिकवत नाहीत. १७१४ मध्ये ताराबाईंच्या सवतीने, राजसबाईंनी, डाव उलटवला. राजसबाईंचा मुलगा संभाजी कोल्हापूरच्या गादीवर आला. ताराबाई आणि त्यांचा मुलगा शिवाजी पन्हाळ्यावर कैदेत पडले. त्या कैदेतच १७२६ मध्ये शिवाजी वारला. ज्या आईने मुलासाठी अख्ख्या मोगल सल्तनतीशी लढाई केली, तिला तो मुलगा कैदेत मरताना पाहावा लागला.

शिवाजीची पत्नी भवानीबाई. तिला त्याच सुमारास मुलगा झाला आणि राजसबाईंच्या भीतीने ते मूल गुपचूप गडाबाहेर काढले, असे ताराबाईंनी पुढे सांगितले. मूल परक्या घरी ठेवले गेले आणि मग बार्शीजवळच्या पानगावला बहीण दर्याबाई निंबाळकर यांच्या आश्रयाला वाढले. हेच रामराजे.

भीती खोटी नव्हती. सवतीच्या हाती सत्ता, बाप मेलेला, आजी कैदेत, अशा वेळी गादीचा वारस म्हणून जन्मलेल्या मुलाच्या जिवाची शाश्वती कोण देणार? म्हणजे मूल लपवण्याला सबळ कारण होते. पण नेमकी इथेच पुढच्या घोटाळ्याची मेख आहे. मूल वाचवायचे तर त्याच्या जन्माची नोंद नको, बारसे नको, नातलगांना निरोप नको. जितके गुपित पक्के, तितका मुलाचा जीव सुरक्षित आणि तितकाच पुरावा कच्चा. जे मूल लपवल्यामुळे वाचते, ते मोठे झाल्यावर आपण कोण हे सिद्ध कसे करणार?

पहिली साक्ष : एका ताटातले जेवण

१७३१ मध्ये वारणेचा तह होऊन सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द ठरली. त्याआधीच्या लढाईत ताराबाई शाहू महाराजांच्या हाती लागल्या होत्या. कोल्हापूरला परत जाऊन सवतीच्या मुलाच्या कैदेत राहण्यापेक्षा साताऱ्याला पुतण्याजवळ राहणे त्यांनी पसंत केले. शाहूंनी त्यांना मानाने ठेवले. पुढची जवळजवळ वीस वर्षे ताराबाई साताऱ्याच्या किल्ल्यावर शांत राहिल्या. निदान वरून तरी.

शाहू महाराजांना पुत्रसंतान उरले नव्हते. त्यांची प्रकृती ढासळू लागली तसा "पुढे कोण?" हा प्रश्न दरबारात उघडपणे बोलला जाऊ लागला. रक्ताच्या नात्याने जवळचे म्हणजे कोल्हापूरचे संभाजी. पण शाहूंच्या मनात ते नव्हते. याच वेळी ताराबाईंनी गुपित फोडले: माझा नातू जिवंत आहे.

दरबारात लगेच दोन तट पडले. शाहूंच्या राणी सकवारबाई यांनी हा नातू खरा मानायला नकार दिला. कोल्हापूरकरांनाही तो मान्य असणे शक्य नव्हते. शाहूंनी मात्र ताराबाईंचे म्हणणे स्वीकारले. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज वारले. त्यांच्या हातच्या म्हणून ज्या दोन याद्या प्रसिद्ध आहेत, त्यांत राज्याचा कारभार पेशवे बाळाजी बाजीराव, म्हणजे नानासाहेब, यांच्यावर सोपवला आहे आणि कोल्हापूरच्यांना आणू नये असेही आहे.

रामराजांना पानगावहून आणले गेले. पण नुसते आणून भागणार नव्हते. लोकांच्या मनातला संशय फिटायला हवा होता. ग्रँट डफ याने आपल्या इतिहासात त्या प्रसंगाची हकिकत दिली आहे. ताराबाईंनी जमलेल्या मराठा मंडळींसमोर रामराजांबरोबर जेवण घेतले आणि त्या अन्नावर शपथ घेऊन सांगितले की हा माझाच नातू.

आज आपल्याला यात फारसे वाटणार नाही. त्या काळी मात्र एका पंगतीला कोण कोणाबरोबर बसतो, यावर माणसाचे कूळ ठरत असे. कागद नव्हता, जन्मदाखला नव्हता, म्हणून ताट हाच दाखला झाला. राजघराण्यातल्या विधवा राणीने चारचौघांत ज्याच्याबरोबर घास घेतला, तो तिच्या घरातला. ४ जानेवारी १७५० रोजी रामराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. तेव्हा त्यांचे वय चोविशीच्या आत-बाहेर होते. तोवरचे बहुतेक आयुष्य त्यांनी आडगावी काढले होते.

दुसरी साक्ष : चंपाषष्ठी

नातू गादीवर बसला, आता राज्य आपल्या सल्ल्याने चालेल, असा ताराबाईंचा हिशोब होता. पण कारभाराची सूत्रे पुण्याकडे सरकत चालली होती. सप्टेंबर १७५० मध्ये सांगोल्याला रामराजांनी पेशव्यांशी करार केला आणि राज्याचा व्यवहार बहुतांशी पेशव्यांच्या हाती गेला. बहीण दर्याबाईचे रामराजांवर वजन होते, तेही ताराबाईंना खुपत होते.

२४ नोव्हेंबर १७५० ला चंपाषष्ठी होती. खंडोबाच्या या सणाचे निमित्त करून ताराबाईंनी रामराजांना किल्ल्यावर बोलावले. पेशव्याला पदावरून काढा, असा आग्रह धरला. रामराजे तयार झाले नाहीत. ताराबाईंनी दरवाजे बंद करवले आणि छत्रपती त्यांच्याच किल्ल्यात कैद झाले.

आणि मग दुसरी साक्ष आली. हा माझा नातू नव्हेच, असे ताराबाई म्हणू लागल्या. डफच्या हकिकतीप्रमाणे त्यांचे म्हणणे असे की, ज्या म्हातारीच्या घरी मूल पहिल्यांदा नेऊन ठेवले, तिथेच त्याची अदलाबदल झाली असली पाहिजे. हा ना भोसला, ना मोहिता. हा एका गोंधळ्याचा पोर.

यातल्या "गोंधळी" या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. आपल्या घरात लग्न झाले की गोंधळ घातला जातो. संबळ वाजते, दिवटी पेटते, गोंधळी आपल्या कुळाच्या देव-देवींना एकेक करून नाव घेऊन बोलावतो. आपल्या मुलांचा संसार ज्याच्या मुखातून देवीच्या पायी घातला जातो, त्याच माणसाचे नाव रागाच्या भरात शिवीसारखे वापरले गेले. "हा अमक्याचा" म्हणून माणसाला खाली पाडायची सवय आपल्यात किती जुनी आहे, हे या एका शब्दावरून दिसते. रामराजे जर खरोखर गोंधळ्याचे पुत्र असते, तर त्यात त्यांचा किंवा त्या गोंधळ्याचा अपराध काय होता?

सोनगडहून साताऱ्याकडे

ताराबाईंनी पेशव्यांविरुद्ध मदत मागितली ती दाभाड्यांकडे. उमाबाई दाभाडे यांचे पेशव्यांशी जुने वैर होते आणि गुजरातचा मुलूख हे वैराचे मोठे कारण होते. दाभाड्यांचे सेनानी म्हणजे दमाजी गायकवाड. दमाजींचे वडील पिलाजी यांनी १७१९ च्या सुमारास सोनगड घेतला आणि तेच गायकवाडांचे पहिले ठाणे ठरले. बडोदा नंतरचे.

दमाजी सुमारे पंधरा हजारांची फौज घेऊन गुजरातेतून निघाले आणि खानदेशावरून खाली उतरले. आज आपण सुट्टीत ज्या वाटेने गावी जातो, साधारण तीच ही वाट. साताऱ्याजवळच्या निंब येथे त्यांनी पेशव्यांच्या फौजेला हरवले आणि ते ताराबाईंना जाऊन भेटले. पण विजय टिकला नाही. मार्च १७५१ मध्ये वेण्णा नदीकाठी त्यांचा पराभव झाला. नानासाहेब पेशवे तेव्हा दूर निजामाच्या मुलखाकडे होते, ते दौडत येऊन २४ एप्रिलला साताऱ्यास पोहोचले. तहाची बोलणी चालू असतानाच ३० एप्रिलच्या रात्री पेशव्यांनी गायकवाडांच्या छावणीवर अचानक छापा घातला. दमाजी कैद झाले. आधी पुणे, मग लोहगड.

सुटका हवी तर पेशव्यांची मागणी एकच होती: अर्धा गुजरात द्या. १७५२ मध्ये दमाजींनी ती मान्य केली आणि दाभाड्यांची बाजू सोडली. मग १७५३ मध्ये पेशवे आणि गायकवाड यांच्या फौजांनी मिळून अहमदाबाद घेतले.

या वाटणीने गुजरातच्या महालांची सरमिसळ झाली. काही परगणे पेशव्यांचे, काही गायकवाडांचे, मध्येच कुठे तिसऱ्याचे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पेशव्यांचा वाटा इंग्रजांकडे गेला आणि गायकवाडांचा बडोद्याकडे राहिला. म्हणूनच आपल्या भागाचा जुना नकाशा गोधडीसारखा दिसतो. बारडोली इंग्रजी अमलात, तर शेजारचा पलसाणा आणि कामरेज बडोदा राज्याच्या नवसारी प्रांतात. १९२८ चा बारडोली सत्याग्रह इंग्रज सरकारविरुद्ध झाला. पुढे १९३० च्या चळवळीत जप्त्या आणि जुलूम वाढले तेव्हा बारडोलीचे शेतकरी घरदार सोडून शेजारच्या गायकवाडी गावांत राहायला गेले. दोन गावांमध्ये राज्याची सीमा कशी आली, याचे धागे मागे नेले तर त्यातला एक साताऱ्याच्या किल्ल्यावरच्या त्या आजी-नातवाच्या भांडणापाशी जातो.

तिसरी साक्ष : जेजुरी

दमाजी पडले तरी ताराबाई वाकल्या नाहीत. किल्ला आणि रामराजे दोन्ही त्यांच्या ताब्यात होते. पेशव्यांनीही शहाणपणाने किल्ल्यावर तोफा लावल्या नाहीत. शेवटी समेट झाला. १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीला खंडोबासमोर पेशवे आणि ताराबाई यांनी एकमेकांशी सलोख्याने वागण्याच्या शपथा घेतल्या. त्याच वेळी ताराबाईंनी देवासमोर शपथेवर सांगितले की रामराजा आपला नातू नाही.

म्हणजे एकाच बाईच्या तीन साक्षी झाल्या. पहिली अन्नावर हात ठेवून: माझा आहे. दुसरी रागात: माझा नाही. तिसरी देवासमोर: माझा नाही. दोन शपथा परस्परविरुद्ध आहेत, त्या अर्थी एक खोटी असलीच पाहिजे. कोणती?

नवल म्हणजे तिसऱ्या शपथेनंतरही काही बदलले नाही. पेशव्यांनी रामराजांना गादीवरून काढले नाही. छत्रपती म्हणून नाव त्यांचेच चालू राहिले. नाव छत्रपतींचे, चाव्या ताराबाईंकडे आणि राज्य पुण्यात, अशी व्यवस्था सगळ्यांच्या पचनी पडली. रामराजांना तोतया ठरवून काढावे, तर पेशव्यांनी ज्याच्या नावाने अधिकार घेतला तो करारच पोकळ ठरणार. खरा म्हणून सोडवावे, तर तो राज्य मागणार. खरे-खोटे ठरवण्यात कोणाचाच फायदा नव्हता, म्हणून ते ठरवले गेले नाही.

पुरावा तोलताना

अशा प्रकरणात साक्ष कशी तोलायची? आपल्या घरातली वंशावळ लावतानाही हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर पाहू.

पहिली गोष्ट, कोण सांगतो यापेक्षा कधी आणि कशासाठी सांगतो हे आधी पाहावे. ताराबाईंनी "माझा आहे" म्हटले तेव्हा त्यांना गादी परत आपल्या वंशात आणायची होती. "माझा नाही" म्हटले तेव्हा नातू हाताबाहेर गेला होता. दोन्ही वेळा स्वार्थ होता. म्हणून दोन्ही साक्षी जशाच्या तशा घेता येत नाहीत.

दुसरी गोष्ट, नकार केव्हा आला? नातवाने हुकूम मोडल्यावर. अदलाबदलीचा संशय त्यांच्या मनात आधीपासून असता, तर भर मंडळींत त्याच्याबरोबर जेवण्याचे धाडस त्या करत्या का? त्या काळच्या समजुतीने तो केवळ राजकीय डाव नव्हता, धर्म बुडवणे होते. हा मुद्दा पहिल्या साक्षीच्या बाजूने जातो.

तिसरी गोष्ट मात्र उलट बाजूची. संशय १७५० मध्येच जन्मला असे नाही. सकवारबाईंनी आधीच हरकत घेतली होती. अर्थात त्यांचाही स्वार्थ होताच. नवा वारस आला की जुन्या राणीचे महत्त्व संपते.

चौथी गोष्ट, आजीखेरीज दुसरे कोण सांगतो? इथे दर्याबाई निंबाळकर महत्त्वाच्या. त्यांनी रामराजांना भाऊ म्हणून सांभाळले आणि ताराबाई फिरल्या तरी त्या फिरल्या नाहीत. राजाचे सत्ताधीशांशी बिनसलेले असताना त्याला भाऊ म्हणत राहण्यात फायदा कमी आणि त्रास जास्त. अशी साक्ष वजनदार मानावी लागते.

पाचवी गोष्ट, लिहिणारा कोण? "गोंधळ्याचा पोर" ही हकिकत आपल्यापर्यंत ज्या ग्रँट डफमुळे पोहोचली, त्याचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. म्हणजे घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी. तो साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता आणि दरबारातले कागद त्याला पाहायला मिळाले, ही जमेची बाजू. पण मधल्या काळात तोंडी सांगण्यात किती भर पडली असेल? मल्हार रामराव चिटणीसांची प्रसिद्ध बखर साताऱ्याच्या धाकट्या शाहू महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली आणि धाकटे शाहू हे रामराजांचेच दत्तकपुत्र. बखरकाराने धन्याच्या बापाविषयी लिहिताना हात राखला असेल, हेही ध्यानात घ्यावे लागते.

हे सगळे तराजूत टाकले तर पारडे रामराजे खरे असल्याच्या बाजूला झुकते, असे मला वाटते. नकार रागातून आणि राजकारणातून आला, स्वीकार मात्र आधीचा होता आणि आजीपुरता मर्यादित नव्हता. पण पारडे झुकणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे.

असे फक्त आपल्याकडेच घडले असे समजू नये. १६८८ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्स राजाला मुलगा झाला, तेव्हा विरोधकांनी वावडी उठवली की खरे मूल मेले आणि बिछाना ऊबदार करायच्या शेगडीच्या भांड्यातून दुसऱ्याचे मूल राणीच्या खोलीत आणले. बाळंतपणाच्या वेळी खोलीत दरबारी मंडळींची गर्दी होती. राजाने त्या सर्वांच्या जबान्या नोंदवल्या, तरी लोकांनी विश्वास ठेवायचे नाकारले आणि वर्ष सरायच्या आत राजाचे सिंहासन गेले. तिथे साक्षीदार भरपूर होते, इथे मुद्दाम एकही ठेवला नव्हता. ज्यांना संशय घ्यायचाच होता, त्यांनी दोन्हीकडे घेतला.

आपल्या सुरतेचाही असाच एक संदर्भ आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर त्यांच्या पत्नी गंगाबाईंना १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर मुलगा झाला. तेच सवाई माधवराव. पेशवेपदासाठी धडपडणाऱ्या राघोबादादांच्या पक्षाने त्या मुलाच्या जन्माविषयीही शंका पसरवल्या आणि मार्च १७७५ मध्ये राघोबांनी इंग्रजांशी जो करार केला, तो सुरतेचा तह म्हणून इतिहासात गाजला. पुढे पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. गादी रिकामी असली की माणसाच्या जन्माची चौकशी सुरू होते. गादी भरलेली असताना कोणी विचारत नाही.

रक्त आणि दत्तक

या सगळ्यात रामराजे स्वतः कुठे आहेत? जन्मल्याबरोबर लपवले गेले. वाढले ते कोणाचे हे न सांगता. तरुणपणी एकाएकी सांगितले की तुम्ही छत्रपती. वर्षही पुरे झाले नाही तो ज्या आजीने आणले तिनेच सांगितले, तू आमचा कोणीच नाहीस. त्यानंतर अकरा वर्षे ते ताराबाईंच्या पहाऱ्यात होते. डिसेंबर १७६१ मध्ये ताराबाई वारल्या. मग माधवराव पेशव्यांच्या काळात रामराजांना थोडी मोकळीक मिळाली. डिसेंबर १७७७ मध्ये ते वारले. सत्तावीस वर्षे ते छत्रपती होते आणि त्यातला एकही दिवस त्यांनी राज्य केले नाही. आपण कोण, असे त्यांना रात्री कधी वाटले असेल का? आजीच्या तीन साक्षींवर आपण एवढे बोलतो, नातवाची चौथी साक्ष मात्र कोणी विचारलीच नाही.

त्यांना पुत्र नव्हता. त्यांनी वावीच्या त्रिंबकजी भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, तेच धाकटे शाहू. त्यांचे पुत्र प्रतापसिंह आणि शहाजी उर्फ अप्पासाहेब हे पुढचे छत्रपती. म्हणजे रामराजे खरे भोसले होते की नाही, हा प्रश्न रक्तापुरता तिथेच मिटला. दत्तकपुत्र वावीच्या भोसल्यांच्या घरातला होता, त्याच्या कुळाविषयी वाद नव्हता. ज्याच्यावर शंका, त्याच्या रक्ताचा वंश पुढे चाललाच नाही. चालला तो मांडीवर घेतलेल्या मुलाचा. आपल्या धर्मशास्त्राने आणि रिवाजाने दत्तकाला औरसाइतकाच हक्क दिला आहे, हे त्या वेळी कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

समजावून सांगूनही पटले नाही ते पुढे इंग्रजांना. एप्रिल १८४८ मध्ये शहाजी महाराज वारले. मरण्याच्या काही तास आधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. डलहौसीने ते दत्तक राज्यापुरते नामंजूर केले आणि सातारा खालसा केला. ज्या गादीने अख्खा एक संशयित छत्रपती पचवला, ती दत्तकाच्या मुद्द्यावर गेली.

बडोद्याचे नशीब वेगळे. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर जमनाबाईंनी घराण्याच्या दूरच्या शाखेतला मुलगा निवडला. नाशिक जिल्ह्यातले कवळाणे, शेतकरी घर, वय बारा, नाव गोपाळ. तोच सयाजीराव तिसरा. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, आंबेडकरांना दिलेली शिष्यवृत्ती, हे सर्व ज्यांच्या नावावर आहे, ते महाराज दत्तकच. पलसाणा महालातल्या जुन्या पिढीने "सरकार" म्हणून ज्यांचे नाव घेतले, तो कवळाण्याच्या शेतकऱ्याचा पोर. त्यांना कोणी विचारले नाही की खऱ्या गायकवाडाचे रक्त तुमच्यात किती.

आपल्या घरची वही

कडोदऱ्यातली आपली मराठी घरे पन्नास-साठ वर्षांपासून इथे आहेत. कोणी लूमवर आले, कोणी प्रोसेस हाऊसमध्ये, कोणी साखर कारखान्याच्या निमित्ताने. नातवंडे आता घरात मराठी आणि बाहेर गुजराती बोलतात. त्यांनी कधी विचारले, "आपण मूळचे कुठले?" तर उत्तर देताना आपण बहुधा दोन पिढ्यांवर अडखळतो.

त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या कितीतरी पूर्वजांची नावे असतात. पूर्वज तिथे कधी आले, कोणाबरोबर आले, हे त्यात लिहिलेले असते. गावाकडचे जुने सातबारे आणि फेरफार, शाळेच्या दाखल्याची नोंद, आजीच्या तोंडची माहेरची नावे, हे सर्व उतरवून ठेवावे. आणि उतरवताना कुठे एखाद्या नावापुढे कोणी "हा आपला नव्हे," "हा तिचा पहिल्या घरचा," "याला आणून वाढवला" असे हळूच म्हणाले, तर ते नाव खोडू नये. कोण म्हणाले, कधी म्हणाले, तेव्हा जमिनीची वाटणी चालू होती का, हे पाहावे. आणि ते नाव वंशावळीत जिथे आहे तिथेच राहू द्यावे. ज्याला घराने वाढवले, तो घरचा.

आज ज्याच्यासमोर आपण आरती म्हणतो, त्या बाप्पाची जन्मकथाही आठवून पाहा. पार्वतीने अंगाच्या मळातून मूल घडवले, दाराशी उभे केले. शंकर घरी आले, पण "हा माझा" हे त्यांना ओळखता आले नाही. ओळख पटली ती मस्तक उडाल्यानंतर. मग त्यांनी हत्तीचे मस्तक लावले, मांडीवर घेतले आणि सर्व देवांच्या आधी पूजेचा मान दिला.

सोनगडचा किल्ला पुन्हा दिसेल तेव्हा मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

गणपती बाप्पा मोरया!